क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडताना आधी व्याजाचा दर उतरवा

आमच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत मी काही वर्षं कर्ज समितीवर होतो. कर्जाच्या अर्जावर कारण लिहायची एक ओळ असते. तिथे 'घरदुरुस्ती' लिहिलेलं असायचं, आणि समोरच्या माणसाशी पाच मिनिटं बोललं की खिशातून घडी घातलेलं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट बाहेर यायचं. घरी कुणाला पत्ता नसायचा. यातल्या बहुतेकांनी एकही महिना चुकवलेला नव्हता. स्टेटमेंटवर छापलेली 'किमान देय रक्कम' ते दर महिन्याला इमानेइतबारे भरत होते आणि कर्ज मात्र जागचं हलत नव्हतं.

त्यांना जे सांगत आलो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. खर्चाला कात्री लावण्याआधी व्याजाचा दर खाली आणा. आणि हे काम हप्ता चुकायच्या आधी करा, कारण दर उतरवायचे मार्ग तोवरच उघडे असतात. एकदा थकबाकी लागली की ते एकामागून एक बंद होत जातात. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने आहे: अजून नियमित भरणाऱ्यांसाठी आधी, थकलेल्यांसाठी नंतर. तुम्ही थेट थकबाकीच्या टप्प्यावर असाल तर मधले भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल.

स्टेटमेंट नीट वाचा

सगळ्या कार्डांची शेवटची तीन स्टेटमेंटं काढा. मोबाइलवर बघू नका, छापून घ्या. प्रत्येकावरून चार आकडे वहीत उतरवा: एकूण देय रक्कम, किमान देय रक्कम, महिन्याचा व्याजदर, आणि त्या महिन्यात व्याज, दंड व जीएसटी मिळून किती लागले. हा चौथा आकडा स्टेटमेंटवर एका जागी मिळत नाही. व्यवहारांच्या यादीत 'फायनान्स चार्जेस', 'लेट पेमेंट फी', 'आयजीएसटी' अशा ओळी विखुरलेल्या असतात, त्या शोधून बेरीज करायची. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणांनी ही बेरीज आयुष्यात पहिल्यांदा केली आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

दर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्षात महिन्याला 4.13 टक्के आणि वर्षाला सरळव्याजानेच साडेएकोणपन्नास टक्के. 'कोर्टाने 30 टक्क्यांच्या वर व्याज घ्यायला बंदी केली आहे' असा निरोप अजूनही फिरतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये तसा निकाल दिला होता हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो रद्द केला. त्या निकालाच्या भरवशावर बँकेशी भांडायला जाऊ नका.

आणखी एक गैरसमज फार महाग पडतो. 'पन्नास हजारांपैकी पंचेचाळीस भरले, आता व्याज उरलेल्या पाच हजारांवरच लागेल,' असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. तसं होत नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. समजा 5 मे रोजी 50,000 रुपयांची खरेदी केली, स्टेटमेंट 15 मेला आलं आणि शेवटच्या तारखेला, 4 जूनला, 45,000 भरले. तरी आधीच्या 30 दिवसांचं व्याज पूर्ण 50,000 वर लागतं, ते 1,726 रुपये. पुढच्या स्टेटमेंटपर्यंतच्या 11 दिवसांचं व्याज उरलेल्या 5,000 वर, 63 रुपये. त्यावर जीएसटी. सगळे मिळून सुमारे 2,110 रुपये. पाच हजार मागे ठेवले म्हणून एवढे!

किमान रकमेचा हिशेब

किमान देय रक्कम भरल्यावर खातं नियमित राहतं, दंड लागत नाही, क्रेडिट अहवालात (कर्ज कसं फेडता याच्या नोंदीत, ज्यावरून तुमचा क्रेडिट स्कोअर ठरतो) थकबाकीची नोंद होत नाही. पैशाची खरोखर ओढाताण असेल त्या महिन्यात ती भरायलाच हवी. पण ते कर्ज फेडणं नव्हे.

एक लाख रुपये थकले आहेत, कार्डावर नवी खरेदी शून्य, व्याज साडेतीन टक्के अधिक जीएसटी, आणि किमान रक्कम थकबाकीच्या 5 टक्के असं धरू. (बँकेगणिक सूत्र थोडं वेगळं असतं.) पहिल्या महिन्यात व्याज आणि कर मिळून 4,130 रुपये चढतात. तुम्ही 5,206 रुपये भरता. मुद्दल उतरतं अवघं 1,077 रुपयांनी. वर्षभर असंच भरत राहिलात तर खिशातून सुमारे 58,900 रुपये जातात आणि वर्षाअखेरीस डोक्यावर 87,800 रुपयांच्या आसपास कर्ज उरलेलंच असतं.

आता हेच एक लाख 16 टक्के वार्षिक दराच्या वैयक्तिक कर्जावर टाकलं आणि मुदत दोन वर्षांची घेतली, तर मासिक हप्ता येतो साधारण 4,900 रुपये. पहिल्या किमान रकमेपेक्षा तीनशे रुपये कमी. आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज संपतं. प्रक्रिया शुल्क धरलं तरी चित्र बदलत नाही.

आमच्या समितीत आलेल्या माणसांना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवायचो. बरेच जण स्वतःला उधळे समजत होते आणि त्या लाजेपायी कुणाशी बोलत नव्हते. प्रत्यक्षात कर्ज फेडायला लागणारे पैसे ते दर महिन्याला भरतच होते. फक्त चुकीच्या दराने.

आज संध्याकाळी करायचं काम

कार्ड वापरणं पूर्ण थांबवा. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे पाचशेच्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून 42 टक्के दराने व्याज चालू होतं. रिवॉर्ड पॉइंटसाठी कार्ड वापरण्यात या काळात काही अर्थ उरत नाही. खरेदीच्या आणि जेवण मागवायच्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाका. रूपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही काढा. विमा, वीजबिल, मोबाइल असं काही कार्डावरून आपोआप कापलं जात असेल तर ते बचत खात्यावर वळवा. विम्याचा हप्ता मात्र विसरू नका, नाहीतर कर्जाच्या गडबडीत पॉलिसी बंद पडायची.

कार्डावरून रोख काढू नका. तिथे शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख घ्यायची आणि त्यातून दुसऱ्या कार्डाचं बिल भरायचं, हा प्रकार शहरांत सर्रास चालतो. यात दर महिन्याला कर्जाच्या दोन-तीन टक्के रक्कम दुकानदाराला जाते आणि मुद्दल तेवढंच राहतं. शिवाय बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं आणि सगळी थकबाकी एकदम अंगावर येते.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळू नका. आणि विनापरवाना सावकाराकडे तर नाहीच. महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा 2014 पासून लागू आहे, परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही घेणारा माणूस तुमची अडचण सोडवायला बसलेला नसतो.

मग घरी सांगा. हे सगळ्यात अवघड काम आहे, मला माहीत आहे. पण पुढचे काही मार्ग जोडीदाराच्या संमतीशिवाय पुढे सरकत नाहीत.

दर उतरवायचे मार्ग

पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था किंवा सोसायटी तुमच्या कार्यालयात असेल तर पहिला फेरा तिथे मारा. मी त्यातला आहे म्हणून हे म्हणत नाही. अशा संस्थांचं कर्ज कार्डाच्या तुलनेत खूपच स्वस्त असतं, हप्ता पगारातून परस्पर कापला जातो (महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 मध्ये तशी तरतूद आहे), आणि भरायचं विसरण्याची सोयच राहत नाही. कार्यालयातले दोन सहकारी जामीन म्हणून लागतात, हीच अडचण लोकांना वाटते. जामीनदाराला खरं कारण सांगा. 'घरदुरुस्ती' म्हणून सही घेतलीत आणि पुढे हप्ते थकले, तर पैशाबरोबर माणूसही जातो.

ठेवपावती असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट किंवा कर्ज घ्या. दर ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो. ठेवीवर सात टक्के मिळवत असताना कार्डावर 42 टक्के भरणारी घरं मी पाहिली आहेत. 'ती मुलीच्या लग्नाची आहे, तिला हात लावायचा नाही' असं म्हणताना त्याच मुलीच्या लग्नाचे पैसे दर महिन्याला व्याजात जात असतात. आयुर्विम्याच्या जुन्या पारंपरिक पॉलिसीवरही तिच्या समर्पण मूल्याच्या (पॉलिसी मधेच बंद केली तर मिळणाऱ्या रकमेच्या) प्रमाणात कर्ज मिळतं.

सोन्याचं तसंच. दागिना लॉकरमध्ये आणि कर्ज कार्डावर, ही घरोघरची गोष्ट. बँकांकडे सोनेतारण कर्ज साधारण 9 ते 12 टक्क्यांच्या घरात मिळतं, क्रेडिट स्कोअर कमी असला तरी मिळतं, आणि एका दिवसात मिळतं. दोन गोष्टी बजावून सांगतो. एक, वर्षाच्या शेवटी मुद्दल-व्याज एकदम भरायच्या योजनेऐवजी मासिक हप्त्याची योजना घ्या. वर्षभर काही भरावं लागत नाही हे ऐकायला बरं वाटतं, पण वर्षाअखेरीस रक्कम जमली नाही तर दागिना लिलावात जातो. दुसरी, दागिना पत्नीचा असेल तर निर्णयही तिचाच. ते स्त्रीधन आहे.

तारण ठेवायला काही नसेल तर बँकेचं वैयक्तिक कर्ज. दर तुमच्या स्कोअरवर आणि पगारावर ठरतो. म्हणूनच एकही हप्ता चुकायच्या आधी हे करायचं. एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद क्रेडिट अहवालात पडते. आधी पगाराचं खातं असलेल्या बँकेत विचारा. प्रक्रिया शुल्क, मुदतीआधी फेडल्यास लागणारं शुल्क आणि सोबत गळ्यात मारला जाणारा विमा, हे तिन्ही लेखी मागा.

कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून द्यायची सोय कार्ड कंपनी स्वतःच देते. ॲपमध्ये दोन बटणं दाबली की काम होतं. दर कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा बराच कमी असतो, पण त्या व्याजावरही 18 टक्के जीएसटी लागतो. 16 टक्क्यांचा हप्ता म्हणून घेतलात तर प्रत्यक्षात 18.88 टक्के पडतो. बँकेच्या साध्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, फक्त प्रक्रिया शुल्कावर असतो. त्यामुळे दोन्ही दर सारखे दिसले तर वैयक्तिक कर्ज स्वस्त. एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेण्याची सोयही असते. काही महिने कमी दर, मग पुन्हा मूळ दर. ठरलेल्या महिन्यांत रक्कम पूर्ण फेडायची खात्री असेल तरच तिकडे जा. मी सहसा कुणाला सुचवलेली नाही.

भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा मोह होईल. तो निधी कोणताही धनको जप्त करू शकत नाही, असं संरक्षण कायद्याने त्याला दिलं आहे. अशी सुरक्षित रक्कम काढून असुरक्षित कर्जात ओतू नये, असं माझं ठाम मत आहे.

नवं कर्ज मंजूर झालं की रक्कम त्याच दिवशी कार्डावर भरा. आणि लिमिट कमी करून घ्या. दीड लाखाचं कार्ड मोकळं झालं की ते पुन्हा भरतं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आम्ही पतसंस्थेत लिमिट कमी केल्याचं पत्र आणल्याशिवाय दुसरं कर्ज देत नव्हतो.

दोन-तीन कार्डं असतील तर

सगळं कर्ज एका वेळी हलवता आलं नाही, तर सर्व कार्डांवर किमान रक्कम आणि उरलेला प्रत्येक रुपया एकाच कार्डावर. हिशेबाने सर्वांत जास्त दराचं कार्ड आधी संपवायला हवं. पण बहुतेक कार्डांचे दर एकमेकांच्या जवळच असतात, त्यामुळे सर्वांत छोटी थकबाकी आधी संपवली तरी फारसं नुकसान नाही. एक कार्ड पूर्ण संपल्याचा जो दिलासा मिळतो, त्यावर माणूस पुढचं वर्ष रेटतो.

भरायची रक्कम ठरवून ठेवा, ती बिलाबरोबर कमी होऊ देऊ नका. किमान रक्कम दर महिन्याला थोडी घटते आणि तिच्यामागे आपणही घसरतो. वरच्याच एक लाखावर महिन्याला ठरवून 7,000 भरले तर कार्डाच्या दरानेही साधारण 22 महिन्यांत कर्ज संपतं. 10,000 भरले तर तेरा-चौदा महिन्यांत.

हप्ता चुकला तर

रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये कार्डांसाठी जे निर्देश काढले त्यानुसार शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येतं आणि सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांना थकबाकी कळवता येते. ते शुल्कही शिल्लक राहिलेल्या रकमेवरच लावायचं असतं, पूर्ण बिलावर नाही. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला मनाई आहे. तुमच्या स्टेटमेंटवर तसं झालेलं दिसलं तर लेखी तक्रार करा.

किमान रक्कमही न भरता 90 दिवस उलटले की खातं अनुत्पादक (एनपीए), म्हणजे बँकेच्या लेखी वसुली धोक्यात आलेलं, ठरतं. तोवर बँकेशी बोलायला बरीच जागा असते. नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला, काहीही असो, पहिल्या चुकलेल्या हप्त्याच्या आधीच बँकेला ईमेल लिहा. कारण, त्याचा कागद (कामावरून कमी केल्याचं पत्र, रुग्णालयाचं बिल), महिन्याला तुम्ही खरोखर किती भरू शकता तो आकडा, आणि थकबाकी त्या हप्त्यात बांधून द्यावी ही विनंती. फोनवर बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, ईमेल राहतो. उत्तर नाही आलं तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) तोच ईमेल पुढे पाठवा.

एक व्यावहारिक सावधगिरी. पगाराचं खातं आणि थकलेलं कार्ड एकाच बँकेत असेल तर करारातल्या अटीनुसार बँक खात्यातली रक्कम थकबाकीपोटी वळती करू शकते. घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवणं बेकायदा नाही.

वसुलीचे फोन

या टप्प्यावर माणसं कर्जापेक्षा फोनला जास्त घाबरतात. तेव्हा हे नीट लक्षात ठेवा. क्रेडिट कार्डाचं कर्ज विनातारण असतं. पैसे नसल्यामुळे ते थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. 'उद्या पोलीस येतील', 'वॉरंट निघालं आहे' ही फोनवरची वाक्यं धमकावण्यासाठी असतात. मात्र तुम्ही दिलेला धनादेश वटला नाही, किंवा खात्यातून आपोआप कापायची दिलेली परवानगी पैशाअभावी फेटाळली गेली, तर फौजदारी खटला होऊ शकतो. धनादेशासाठी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138, आपोआप कपातीसाठी 2007 च्या पेमेंट कायद्याचं कलम 25. म्हणून एजंटच्या दडपणाखाली पुढच्या तारखांचे धनादेश देऊ नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, यातलं काहीही चालत नाही. घरी आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. नसेल तर दारातूनच परत पाठवा. बोलणं रेकॉर्ड करा, तारीख-वेळ-नंबर वहीत लिहा. पत्नी, भाऊ, आई-वडील यांनी कर्जावर सही केलेली नसेल तर त्यांच्यावर फेडीची जबाबदारी नाही, हे त्यांनाही सांगून ठेवा.

तक्रार आधी बँकेकडे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन तक्रार विनामूल्य असते, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. धमक्या, फोटोंशी छेडछाड असा प्रकार असेल तर वाट न पाहता पोलिसांकडे, आणि ऑनलाइन गुन्ह्यासाठी 1930 वर.

रात्री झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येत असेल, तर 14416 वर फोन करा. 'टेली मानस' ही सरकारी, विनामूल्य सेवा आहे. कार्डाचं कर्ज कितीही मोठं असलं तरी त्याला कायद्याने हद्दी आहेत, आणि त्या पुढे लिहिल्याच आहेत.

तडजोड

खातं बरेच महिने थकलं की बँक कमी रकमेवर खातं मिटवायची तयारी दाखवते. बँकेने ते 'राइट ऑफ' केलं असेल तरी कर्ज माफ झालेलं नसतं. ती बँकेच्या हिशेबातली नोंद असते, वसुली चालूच राहते.

तडजोडीकडे शेवटचा पर्याय म्हणून पाहा. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शिक्का पडतो आणि पुढची अनेक वर्षं गृहकर्जासारख्या ठिकाणी तो आडवा येतो. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीनुसार ज्या बँकेशी तडजोड झाली तिच्याकडून किमान 12 महिने नवं कर्ज मिळत नाही. पण उत्पन्नच उरलेलं नसेल, तर अशक्य हप्ते बांधून घेण्यापेक्षा तडजोड बरी.

करायची असेल तर हातात एकरकमी किती आहे ते आधी नक्की करा. नातेवाइकांकडून उसने आणणार असाल तर ते खरोखर आल्यावरच आकडा बोला. फोनवर रक्कम ठरली की थांबा आणि बँकेचं पत्र मागा. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, ठरलेली रक्कम, भरायची तारीख आणि उरलेली रक्कम सोडून दिल्याचं स्पष्ट वाक्य हवं. पत्र बँकेच्या अधिकृत ईमेलवरूनच आलेलं हवं. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे पत्र नव्हे. पैसे थेट कार्ड खात्यात भरा. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. हप्त्यांत तडजोड घेतली आणि एक हप्ता चुकला, तर अनेकदा पूर्ण तडजोडच रद्द होते, म्हणून शक्यतो एकरकमी करा. शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि तो जपून ठेवा. पुढे ऐपत आली तर सोडून दिलेली रक्कम भरून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून देण्याबाबत बँकेशी बोलता येतं.

'आम्ही तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो, हप्ते थांबवा आणि आमची फी भरा' म्हणणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आता जागोजागी दिसतात. अशा कामासाठी रिझर्व्ह बँक कुणाला परवाना देत नाही. त्या जे करतील, ते म्हणजे बँकेशी पत्रव्यवहार आणि घासाघीस, तुम्ही स्वतः फुकट करू शकता. त्यांच्या सांगण्यावरून हप्ते थांबवले तर त्या काळातलं व्याज, दंड आणि स्कोअरची घसरण तुमच्याच खात्यावर पडते. मदत हवीच असेल तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं आहेत तिथे विचारा.

नोटीस आली तर

लोकअदालतीची नोटीस पाहून घाबरायचं कारण नाही. ती तडजोडीची जागा आहे. तुमच्या संमतीशिवाय तिथे काही ठरत नाही. पण एकदा सही करून निवाडा झाला की तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून परवडणारा आकडा घरून ठरवून जा.

दिवाणी दाव्याचं समन्स किंवा लवादाची (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या त्रयस्थाची) नोटीस आली तर मात्र दुर्लक्ष करू नका. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागतो. लवाद बँकेने परस्पर एकटीने नेमला असेल तर त्यावर कायदेशीर आक्षेप घेता येतो, वकिलाला हे विचारा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा: महिला, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेले यांना तिथे मोफत वकील मिळतो. बँकेला दावा लावायला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण मधे काही रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली की ती मुदत नव्याने सुरू होते. हुकूमनामा झाला तरी पूर्ण पगार जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक 'दिवाळखोरी जाहीर कर आणि मोकळा हो' असं सांगतात. तिथे व्यक्तीला ती सोय आहे. आपल्याकडे 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारांसाठी 'नवी सुरुवात' म्हणून प्रक्रिया लिहिलेली आहे: वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत आणि स्वतःचं घर नाही अशांसाठी. पण व्यक्तींसाठीचा तो भाग कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच लागू केला गेला आहे. सामान्य माणसासाठी मुंबई शहरात 1909 चा आणि महाराष्ट्रात इतरत्र 1920 चा जुना नादारी कायदा आहे. तो रस्ता लांबचा, मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात देणारा आणि वकिलाशिवाय न जाण्याचा.

फेडून झाल्यावर

शेवटची रक्कम भरल्यानंतर पुढच्या स्टेटमेंटची वाट पाहा. मधल्या दिवसांचं थोडं व्याज त्यात येतं. ते शे-दोनशे रुपये राहून गेले तर त्यावरच पुन्हा दंड चढत जातो आणि अहवालात थकबाकी दिसत राहते.

ती रक्कमही भरली की नको असलेलं कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर केला तर बँकेला दर दिवशी 500 रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साधारण महिन्याने क्रेडिट अहवाल काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. खातं अजून थकलेलं दिसत असेल तर दाखला जोडून तक्रार करा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागायचा हक्क आहे, आणि ती मागायला संकोच करू नका.